चौकटीच्या कडेची माणसे
(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिकांक हातात पडला की आपण प्रथम काय करतो? संपादकीय वाचतो, असे सांगणारा विद्यार्थी मला अजून भेटावयाचा आहे. आपण फोटोंची पाने उघडतो आणि त्यांत स्वतःला शोधतो. मग मैत्रिणींना शोधतो, मग एखाद्या सरांचे डोळे मिटलेले पाहून हसतो. अंक घरी गेला म्हणजे तर फोटोंखेरीज दुसरे काही पाहिलेच जात नाही. आमच्या घरात माझ्याआधी महाविद्यालयाची पायरी कोणी चढलेले नाही. त्यामुळे कविता, वैचारिक लेख, विभागांचे अहवाल हे सारे न वाचताच फळीवर जाऊन बसते, पण फोटोंच्या पानावरून आईचे बोट एकेका चेहऱ्यावर थांबत फिरते आणि "ही तू का गं?" असा प्रश्न येतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असेच होत असणार. सगळ्या अंकात घरच्या सर्वांना वाचता येणारे पान काय ते हेच.

यंदा महाविद्यालयाने नवा कॅमेरा घेतला आणि वार्षिकांकासाठी फोटो काढणे, निवडणे व छापखान्यासाठी तयार करणे हे काम आम्हा तिघा विद्यार्थ्यांकडे आले. या निमित्ताने जे वाचले, विचारले आणि हाताने करून पाहिले ते येथे लिहीत आहे. जाणकारांना यात नवीन काही सापडणार नाही. पण फोटो काढून घेणाऱ्यांना पलीकडे काय चालते हे कळावे, एवढाच हेतू.

कॅमेरा तसा साधाच आहे. सोबत १८ ते ५५ मिलिमीटरची एकच लेन्स. त्याचे चित्र ६००० बिंदू रुंद आणि ४००० बिंदू उंच, म्हणजे एकूण २ कोटी ४० लाख बिंदूंचे येते. चांगल्या छपाईला इंचामागे ३०० बिंदू लागतात. या हिशेबाने आख्खे चित्र २० इंच रुंद छापता येईल. आपल्या अंकाचे पान त्याच्या निम्मेही रुंद नाही. तेव्हा चित्राचा निम्मा भाग कापून टाकला तरी छापल्यावर कोणाच्या लक्षातही येणार नाही. ही मोठीच सोय आहे. ती धोक्याचीही कशी आहे ते पुढे येईल.

चौकट तीनास दोन या प्रमाणात का, याची हकिकत मला फार आवडली. जर्मनीत ऑस्कर बार्नाक नावाच्या तंत्रज्ञाने सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा छोटासा कॅमेरा तयार केला. १९२५ साली तो 'लायका' या नावाने बाजारात आला. सिनेमाच्या दोन चौकटी शेजारी शेजारी जोडून बार्नाकने २४ बाय ३६ मिलिमीटरची एक चौकट केली. फिल्म मागे पडली, पण तिची चौकट आजही आपल्या कॅमेऱ्यात आहे. सगळेच कॅमेरे असे नव्हते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या आणि भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांच्या हाती असलेल्या रोलिफ्लेक्सची चौकट चौरस होती आणि एका रोलवर फक्त १२ चित्रे येत. आमच्या कार्डावर हजाराच्या आसपास बसतात. बारा चित्रांत काम भागवायचे असेल तर कळ दाबण्यापूर्वी चौकटीचे चारही कोपरे पाहावेच लागतात. हजार चित्रे असली की माणूस फक्त मधोमध पाहतो. कोपऱ्यात काय आले, कोण अर्धे कापले गेले, हे संगणकावर बसल्यावर कळते. आणि तेव्हा ते माणूस पुन्हा उभे करता येत नाही.

चौकटीची रचना म्हटले की पुस्तकांत प्रथम 'तिसऱ्या हिश्शाचा नियम' सांगतात. चौकटीचे आडवे-उभे तीन तीन भाग करून मुख्य वस्तू त्या रेघांवर ठेवावी, असा तो नियम. तो उपयोगी आहे, पण त्याचे फार स्तोम माजवले जाते असे माझे मत. प्रत्यक्षात त्याहून महत्त्वाच्या गोष्टी साध्या आहेत. माणसाच्या डोक्यातून मागचा विजेचा खांब उगवलेला दिसत नाही ना, हे पाहावे. लेन्स फिरवून माणूस जवळ आणण्यापेक्षा आपण चार पावले पुढे जावे. लहान मुलाचा फोटो काढताना गुडघ्यावर बसावे.

ग्रुप फोटोबद्दल मात्र थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण वार्षिकांकात तेच अधिक असतात. जागा अपुरी म्हणून फोटोवाला लेन्स १८ वर नेतो आणि चाळीस जणांना त्यात कोंबतो. इतक्या रुंद लेन्समध्ये कडेची माणसे आडवी ताणली जातात. रांगेच्या टोकाला उभी असलेली सडपातळ मुलगी फोटोत जाड दिसते ती त्यामुळे. उपाय म्हणजे मागे सरकणे आणि लेन्स ३५ च्या पुढे ठेवणे. म्हणून यंदाचे ग्रुप फोटो वर्गाच्या व्हरांड्यात न घेता मैदानावर घेतले. वेळही सकाळी साडेआठची ठरवली. दुपारी बाराच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते आणि हसणारा माणूससुद्धा आजाऱ्यासारखा दिसतो. तीन रांगा असतील तर झरोका एफ ८ वर ठेवावा, म्हणजे पुढची आणि मागची रांग दोन्ही स्पष्ट येतात. आणि एकावर समाधान मानू नये, सहा-सात चित्रे घ्यावीत. चाळीस माणसांत कोणाचे ना कोणाचे डोळे मिटलेले असतातच.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे येते. आपल्यापैकी कित्येक जण फोटोला उभे राहण्यास नाखूश असतात. विचारले तर म्हणतात, "माझा फोटो चांगला येत नाही, काळा येतो." म्हणणाऱ्याला वाटते की हा दोष आपल्या चेहऱ्याचा आहे. तो तसा नाही. तो हिशेबाचा आहे, आणि हिशेब कॅमेऱ्याचा आहे.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाला समोर काय आहे हे कळत नाही. किती प्रकाश आत येतो एवढेच त्याला मोजता येते. समोरच्या सगळ्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या छटेची भरली पाहिजे, असे तो धरून चालतो. हल्लीचे कॅमेरे चेहरा ओळखून थोडीफार दुरुस्ती करतात, तरी मूळ स्वभाव तोच. चुना लावलेली पांढरी भिंत चौकटभर घेतली तर त्याला वाटते, प्रकाश फार झाला. तो प्रकाश कमी करतो आणि भिंत राखी होते. काळी म्हैस चौकटभर घेतली तर त्याला वाटते, अंधार फार. तो प्रकाश वाढवतो आणि म्हैसही राखी होते. आम्ही हे मुद्दाम करून पाहिले. भिंत आणि म्हैस शेजारी शेजारी ठेवल्या तर दोघींचा रंग जवळजवळ एकच! म्हशीच्या मालकाला हे काही पटले नाही, पण आम्हाला कॅमेरा कळला.

आता सावळा मुलगा पांढरा शर्ट घालून चुन्याच्या भिंतीपुढे उभा करा. चौकटीचा बहुतेक भाग पांढरा. मापक सवयीप्रमाणे प्रकाश कमी करतो. भिंत राखी होते, शर्ट मळकट होतो आणि चेहरा, जो मुळातच भिंतीपेक्षा गडद, तो काळ्यात बुडून नाक-डोळे कळेनासे होतात. शेजारच्या गोऱ्या मुलाचे तेवढे नुकसान होत नाही. मुलगा घरी जाऊन आरशात पाहतो आणि समजतो, आपण फोटोत येत नाही.

यावरचा उपाय कॅमेऱ्यावरच आहे. अधिक-उणेचे एक बटण असते. ते अधिक एकवर नेले की दुप्पट प्रकाश आत घेतला जातो आणि चेहरा वर येतो. किंवा मुलाला भिंतीपासून दूर, झाडाच्या मोकळ्या सावलीत, हिरव्या-तपकिरी पार्श्वभूमीपुढे उभे करावे. यंदा आमच्या तिघांच्या पहिल्या ठरावांत हा होता की चुन्याच्या भिंतीपुढे कोणाचाही फोटो काढायचा नाही.

हा पक्षपात कॅमेऱ्याचाच नव्हे, रंगीत फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळांचाही होता. १९५० च्या दशकापासून कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एक नमुना-चित्र पाठवी. त्यात एक गोरी तरुणी असे. तिच्या कातडीचा रंग बरोबर आला की यंत्र बरोबर लागले असे समजत. ही चित्रे 'शर्ली कार्ड' या नावाने ओळखली जात. १९९० च्या दशकात निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रियांची चित्रे त्या कार्डावर आली. तोवर जगभरच्या फोटोंची बरोबर-चूक त्या एका चेहऱ्यावरून ठरत होती. आपल्या आई-वडिलांच्या लग्नातले फोटो याच तंत्राने धुतलेले आहेत.

येथून संपादनाचा भाग सुरू होतो. आम्ही चित्रे 'रॉ' या स्वरूपात घेतो. मोबाईलवर येणाऱ्या जेपेग चित्रात प्रत्येक रंगाच्या काळ्यापासून उजळपर्यंत २५६ पायऱ्या असतात. १४ बिटांच्या रॉ चित्रात त्या १६,३८४ असतात. म्हणून अंधारात गेलेला चेहरा रॉमधून वर काढता येतो, जेपेगमध्ये तो काढू गेले की भुरकट डाग पडतात. संगणक कक्षात आम्ही 'डार्कटेबल' आणि 'जिंप' ही फुकट मिळणारी साधने वापरली. डार्कटेबल मूळ चित्राला हात लावत नाही. केलेले बदल वेगळ्या फाईलमध्ये लिहून ठेवते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण कोणी विचारले की यात काय काय बदलले, तर दाखवता येते.

स्नेहसंमेलन झाल्यावर संगणक कक्षाच्या दारात गर्दी झाली. मागणी एकच: "मला जरा उजळ कर ना." मुलीच येतात असे समजू नये, मुले अधिक आली. त्यांना हसणे सोपे आहे. पण लग्नाच्या अल्बमपासून मोबाईलपर्यंत सगळीकडे न मागता उजळ करून देतात. मग वार्षिकांकातच का नाही, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. आम्हाला उत्तर शोधावे लागले. ते असे. कॅमेऱ्याने जे हिरावले ते परत द्यायचे. सावलीत अडकलेला चेहरा सावलीतून बाहेर काढायचा. लाल-पिवळ्या मांडवाच्या कापडातून आलेल्या उजेडाने सगळेच नारिंगी झाले असतील तर पांढऱ्या कागदाला पांढरे करून सगळ्यांचे रंग एकदम जागेवर आणायचे. परंतु एकाच माणसाची कातडी निवडून तिचा रंग बदलायचा नाही. बदलला तरी लपत नाही. चेहरा गोरा केला की मान आणि हात साक्ष देतात. मुरुम मात्र काढून देतो, तो पंधरा दिवसांत जाणाराच असतो. तीळ किंवा जखमेची खूण काढत नाही.

रंग एका चेहऱ्यापुरता बदलण्याने काय होते, याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे, आणि तेथे ते उलट दिशेने झाले. १९९४ च्या जून महिन्यात ओ. जे. सिम्पसन या कृष्णवर्णीय फुटबॉलपटूवर खुनाचा आरोप आला. पोलिसांनी काढलेला त्याचा फोटो 'टाइम' आणि 'न्यूजवीक' या दोन्ही साप्ताहिकांनी एकाच आठवड्यात मुखपृष्ठावर छापला. न्यूजवीकने तो होता तसा छापला, टाइमने चेहरा बराच गडद करून. दोन्ही अंक दुकानात शेजारी शेजारी लागले आणि केवळ रंग बदलून आरोपीला अधिक भेसूर कसे केले, हे लोकांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले. मोठे वादळ उठले. खटला उभा राहण्यापूर्वीच मुखपृष्ठाने निकाल दिल्यासारखे झाले होते.

आपल्या अंकाची बरीच पाने कृष्णधवल असतात, त्यांचे प्रश्न आणखी वेगळे. साध्या कागदावर शाई पसरते, त्यामुळे पडद्यावर ठीक दिसणारे चित्र छापून गडद येते. छापखान्यासाठी मधल्या छटा म्हणून सगळ्याच चित्रांत थोड्या उजळ कराव्या लागतात. रंगीत चित्राचे कृष्णधवल करताना लाल, हिरवा, निळा यांतील कोणत्या रंगाला किती वजन द्यायचे हे आपल्या हातात असते. लालला वजन दिले की कातडी उजळ आणि नितळ दिसते. सोपी युक्ती म्हणून आम्ही ती एका चित्रावर लावली, तर एका बाईंच्या कपाळावरचे कुंकूच नाहीसे झाले! कुंकू लाल, म्हणून तेही कातडीबरोबर उजळून तिच्यात मिसळून गेले. याच्या उलट जुन्या फोटोंत कुंकू काळे का दिसते, हेही तेव्हा उमगले. त्या काळच्या कित्येक फिल्मना लाल रंग दिसतच नसे, म्हणून तो काळा उमटे. असो. बाईंचे कुंकू आम्ही हिरव्याचे वजन वाढवून परत आणले. असे चित्र छापून त्यांच्या घरी धाडण्याची छाती आमच्यापैकी कोणाचीच नव्हती.

राहिली काटछाट. आमच्या घरी आजोबांचा एकच फोटो आहे. कोणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून, मोठा करून, वर ब्रशाने रंगवलेला. रंगवणाऱ्याने त्यांना इतके गोरे केले आहे की आजी अजून म्हणते, "एवढं गोरं कुठलं आलंय, उन्हातान्हातलं माणूस!" त्या फोटोत आजोबांच्या खांद्यावर एक हात आहे. फक्त पंजा. तो कोणाचा, हे आता घरात कोणाला सांगता येत नाही. कापणाऱ्याच्या दृष्टीने तो माणूस चौकटीबाहेरचा होता.

काटछाट वाईटच असते असे मी म्हणत नाही. आल्बेर्तो कोर्दा याने ५ मार्च १९६० रोजी हवानामधील शोकसभेत चे गेव्हाराचा फोटो घेतला. मूळ चित्रात एका बाजूला दुसरा एक माणूस आहे आणि दुसऱ्या बाजूला झाडाच्या झावळ्या. दोन्ही कापल्यावर जो चेहरा उरला तो आज टी-शर्टांवर जगभर फिरतो. न कापता तो फिरला असता असे मला वाटत नाही. रचनेच्या दृष्टीने तो निर्णय बिनचूक होता. पण कापणे आणि पुसणे यांच्यामधली रेघ बारीक आहे. सोव्हिएत रशियात १९३७ साली कालव्याच्या काठी स्टॅलिनबरोबर चालणारा गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव्ह १९४० मध्ये मारला गेला, आणि पुढे त्या फोटोत त्याच्या जागी नुसते पाणी आणि कठडा उरला. तेव्हा त्यासाठी कुशल हात लागला होता. आता मोबाईलवर बोट फिरवले की मागचा माणूस नाहीसा होतो.

आमच्यापुढे हा प्रश्न वृक्षारोपणाच्या फोटोच्या वेळी आला. चित्रात मधोमध पाहुणे आणि प्राचार्य रोप धरून उभे आहेत आणि उजव्या कडेला आमचे शिपाई मामा फावड्यावर हात ठेवून उभे आहेत. फोटो काढताना त्यांना पुढे बोलावले तर म्हणाले, "मला कशाला, ताई? मी आपला कडंला बरा हाय." सकाळपासून पंचवीस खड्डे त्यांनी एकट्याने खणले होते. पानाची मांडणी करताना त्या जागी उभे चित्र हवे होते आणि आमचे चित्र आडवे. आडव्याचे उभे करण्याचा हा पेच थोरामोठ्यांनाही पडतो. 'नॅशनल जिऑग्राफिक'ने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठासाठी इजिप्तचे पिरॅमिड संगणकाने एकमेकांजवळ सरकवले होते आणि त्याबद्दल पुष्कळ टीका सोसली होती. आम्हाला काही सरकवायचे नव्हते. मामांना कापले की चित्र बरोबर उभे होत होते. एका सरांचे म्हणणे, "चित्राचा विषय पाहुणे आणि रोप हा आहे. कडेची व्यक्ती लक्ष विचलित करते." रचनाशास्त्र पाहिले तर सरांचे म्हणणे बरोबर होते. वर्तमानपत्रासाठी मीही तेच केले असते. पण वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते, आणि वार्षिकांक वीस वर्षांनी कोणीतरी उघडून त्या दिवशी तेथे कोण कोण होते हे पाहतो. बरीच चर्चा झाली. शेवटी शेजारचा मजकूर चार ओळींनी कमी करून चित्र आडवेच ठेवले. मजकूर माझाच होता, त्यामुळे कोणाची तक्रार आली नाही.

या अंकात ते चित्र तसेच छापले आहे आणि खालच्या ओळीत डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे आहेत, मामांचेही. ते नाव लिहून घ्यायला गेले तेव्हा कळले की आमच्यापैकी कोणालाच त्यांचे आडनाव ठाऊक नव्हते.

यंदाची सर्व मूळ चित्रे ग्रंथालयातील संगणकावर तारखेवार ठेवली आहेत. ज्यांना घरी लावण्यासाठी प्रत हवी असेल त्यांनी पेनड्राइव्ह घेऊन यावे. उजळ करून मिळणार नाही. पण चेहरा काळ्यात बुडाला असेल तर तेवढा वर काढून देऊ.